सुईआधीचा अग्नी

ॲक्युपंक्चर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे केसासारख्या बारीक सुयाच येतात. परंतु ज्या चीन, जपान आणि कोरियामध्ये ही चिकित्सा वाढली, तेथे सुई टोचणे आणि शरीरावरील ठरावीक बिंदूंना उष्णता देणे ही एकाच विद्येची दोन अंगे मानली जातात. युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत चिनी ॲक्युपंक्चरचा समावेश केला, तेव्हा या दोन्ही अंगांचा उल्लेख एकत्रच केला होता. उष्णता देण्यासाठी एका सुगंधी वनस्पतीच्या वाळलेल्या पानांपासून काढलेली मऊ लव जाळतात. या लवीला मॉक्सा म्हणतात, आणि तिने करायच्या उपचाराला मॉक्सिबशन असे नाव आहे. आज ही उष्णता सुईची पूरक, काहीशी दुय्यम क्रिया वाटत असली, तरी उपलब्ध पुरावा पाहता सुईच्या आधी अग्नी आला असे म्हणावे लागते. आणि त्यानंतरच्या दोन हजार वर्षांचा या चिकित्सेचा इतिहास म्हणजे मुख्यतः तो अग्नी हळूहळू सौम्य होत गेल्याचा इतिहास आहे.

या पुराव्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग १९७३ मध्ये हुनान प्रांतातील चांगशा शहराजवळच्या मावांगदुई येथे सापडला. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेल्या एका थडग्यात रेशमावर लिहिलेले अनेक ग्रंथ निघाले, त्यांत वैद्यकाचेही होते. हात-पायांतून जाणाऱ्या अकरा वाहिन्यांचे मार्ग सांगणारे दोन ग्रंथ त्यांत आहेत आणि प्रत्येक वाहिनीच्या विकारांवर त्या वाहिनीला डाग द्यावा, असा उपाय त्यांत सांगितला आहे; त्या वाहिन्यांवर सुई टोचण्याचा उल्लेख मात्र नाही. पुढे प्रमाण मानल्या गेलेल्या पद्धतीत बारा मुख्य वाहिन्या आहेत आणि आज जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत ३६१ बिंदू आहेत. म्हणजे वाहिन्यांची कल्पना आकाराला येत होती आणि बिंदू अजून निश्चित व्हायचे होते, त्या काळात वैद्याच्या हातात सुईपेक्षा जळती लव होती, असे चित्र या रेशमी पानांवरून उभे राहते.

यानंतर संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ म्हणजे ‘पीत सम्राटाचा अंतर्ग्रंथ’ या चिनी वैद्यकाच्या आधारग्रंथात सुईला मोठे स्थान मिळाले, तरी अग्नीला त्यातून वगळलेले नाही. त्यातील एका प्रकरणात उपचारांची मायभूमी दिशांनुसार वाटून दिली आहे : दगडी सुया पूर्वेच्या, औषधे पश्चिमेची, नऊ प्रकारच्या धातूच्या सुया दक्षिणेच्या, आणि डाग देण्याची विद्या उत्तरेची, कारण तेथे वारा व थंडी कडक असून माणसे उघड्या मुलखात राहतात आणि त्यांची पोटे गारठतात. जेथे सुईचे चालत नाही तेथे दहन योग्य, असेही हा ग्रंथ अन्यत्र सांगतो. यामागची उपपत्ती अशी की शरीरात ‘छी’ नावाची जीवनशक्ती वाहिन्यांतून फिरत असते, थंडीने ती आकसते व अडते, आणि उष्णतेने ती मोकळी होते. त्यामुळे जुनाट सांधेदुखी, थंडीने वाढणारे दुखणे, अतिसार, गळून गेलेले शरीर अशा ‘शीत’ व ‘क्षीण’ अवस्थांत मॉक्सा द्यावा आणि ताप, दाह, तहान अशा ‘उष्ण’ अवस्थांत देऊ नये, असा सर्वसाधारण नियम ठरला. आयुर्वेदाच्या शीत-उष्ण विचाराशी परिचित असलेल्या वाचकाला हा तर्क परका वाटणार नाही. मात्र वाहिन्या आणि ‘छी’ या संकल्पना शवविच्छेदनात दिसणाऱ्या रक्तवाहिन्या वा मज्जातंतू यांच्याशी एकास एक जुळत नाहीत, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे.

ज्या वनस्पतीपासून मॉक्सा मिळतो ती आर्टेमिसिया या प्रजातीतील आहे. चीनमध्ये मुख्यतः आर्टेमिसिया आर्गी आणि जपानमध्ये आर्टेमिसिया प्रिन्सेप्स ही जात वापरतात. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा आपला दवणा याच प्रजातीचा, आणि ज्या वनस्पतीतून मलेरियावरील आर्टेमिसिनिन हे औषध मिळाले व ज्या संशोधनासाठी थू योयो यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तीही याच प्रजातीची. मॉक्साच्या झाडाची पाने वरून हिरवी आणि खालून पांढुरकी असतात, कारण खालच्या बाजूस सूक्ष्म केसांचे दाट आवरण असते. वैद्याला पान नको असते, हे केस हवे असतात. वसंताच्या शेवटी वा उन्हाळ्याच्या आरंभी पाने खुडून वाळवतात, मग ती कुटतात किंवा दळतात आणि चाळणीतून पुनःपुन्हा चाळतात. हिरवा चुरा व काड्या खाली पडत जातात आणि वर पिवळसर, कापसासारखी लव उरते. जितके अधिक चाळावे तितकी लव शुद्ध, मऊ आणि हाताने वळण्यास सोपी होते, शिवाय ती कमी तापमानाला व समान गतीने जळते. जपानमधील सर्वांत उंची मॉक्सा तयार करताना शंभर किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम तीन किलोच्या आसपास लव हाती लागते. भरड लवीत पानांचा चुरा राहिल्यामुळे ती तीव्र जळते, म्हणून ती कातडीवर थेट ठेवत नाहीत. कांडीसाठी किंवा सुईच्या टोकावर जाळण्यासाठी ती वापरतात. एकाच वनस्पतीच्या लवीचे असे दर्जे पाडावे लागले, यातच या विद्येचा कस आहे, कारण येथे औषधाची मात्रा म्हणजे उष्णतेची मात्रा आहे आणि ती चाळणीपासूनच ठरू लागते.

लव जितकी जुनी तितकी चांगली हा समजही फार प्राचीन आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील तत्त्वज्ञ मेन्शियस याने राज्यकर्त्यांना उद्देशून केलेल्या एका दृष्टान्तात, सात वर्षांच्या दुखण्यासाठी तीन वर्षे मुरलेला मॉक्सा शोधणाऱ्या माणसाचा उल्लेख केला आहे. तेव्हा सामान्य श्रोत्यालाही हा उपचार ठाऊक असणार. पाने ठेवल्यावर त्यांतील उडनशील तेले कमी होतात आणि ज्वलन मंद होते, एवढा भाग त्यातून आजही पटण्यासारखा आहे. चिनी पंचांगातील पाचव्या महिन्याच्या पंचमीला, म्हणजे द्वान्वू सणाला, दारावर या वनस्पतीच्या डहाळ्या बांधण्याची चाल आहे, आणि पाने खुडण्याचा उत्तम काळही तोच मानला जातो. सोळाव्या शतकातील थोर औषधिशास्त्रज्ञ ली शिझेन हा हूबे प्रांतातील छीचुनचा. आपल्या गावच्या मॉक्साची थोरवी त्याने आपल्या विशाल औषधिकोशात नोंदवली आणि छीचुनचे ते नाव व तो व्यापार आजही टिकून आहे.

जुन्या काळी हा उपचार किती कठोर होता याची कल्पना आजच्या वाचकाला सहजी येणार नाही. लवीचा शंकू वळून तो उघड्या कातडीवर ठेवायचा, पेटवायचा आणि पूर्ण जळू द्यायचा; एक संपला की त्याच जागी दुसरा. जागा भाजावी, तिला पू धरावा आणि पुढे वण राहावा, हीच उपचार लागू पडल्याची खूण समजली जाई. सातव्या शतकातील वैद्य सुन सिमियाओ याने दक्षिणेकडच्या रोगट मुलखात प्रवास करणाऱ्या अधिकाऱ्यांनी अंगावर दोन-तीन ठिकाणी डागाच्या जखमा कायम ओल्या ठेवाव्यात, म्हणजे तेथील विषारी हवा बाधत नाही, असा सल्ला दिला आहे. त्याच्यानंतर इसवी सन ७५२ मध्ये वांग ताओ याने संकलित केलेल्या मोठ्या ग्रंथात तर सुईच वगळली आहे. सुई जीवघेणी ठरू शकते, अग्नी मात्र तुलनेने निर्धोक, असे त्याचे मत होते. निर्जंतुकीकरण ठाऊक नसलेल्या काळात जाड सुया खोल खुपसल्या जात, हे ध्यानात घेता त्या मताला आधार नव्हता असे म्हणता येत नाही. वायव्य चीनमधील दुनह्वांगच्या गुहांत सापडलेल्या आणि आज लंडनमध्ये असलेल्या थांग राजघराण्याच्या काळातील आकृत्यांवरही मानवी शरीरावर दाखवलेले बिंदू डाग देण्याचे आहेत.

वेदनेची साक्षही त्या काळाने मागे ठेवली आहे. सोंग घराण्याचा संस्थापक सम्राट ताईझू, ज्याने ९६० ते ९७६ या काळात राज्य केले, त्याच्या धाकट्या भावाला आजारपणात मॉक्सा देताना वेदना असह्य झाल्या, तेव्हा सम्राटाने स्वतःच्या अंगावरही लव पेटवून घेतली, असा प्रसंग चिनी इतिहासग्रंथांत नोंदला आहे व बंधुप्रेमाचे उदाहरण म्हणून आजही सांगितला जातो. तैपेच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात चित्रकार ली तांग याच्या नावावर असलेले एक चित्र आहे. त्यात झाडाखाली बसलेला खेडुत वैद्य एका उघड्या पाठीवर उपचार करतो आहे, रोग्याने तोंड वासून आक्रोश मांडला आहे आणि घरच्यांनी त्याचे हात-पाय धरून ठेवले आहेत. ११४६ मध्ये दोउ त्साय या वैद्याने ज्यांना हा दाह सोसवत नाही त्यांच्यासाठी धोतरा आणि भांग यांच्या फुलांचे चूर्ण सांगितले, ज्याने रोगी गुंगीत जाई. धोतरा किती विषारी आहे हे आपल्याकडे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. उपचाराचा दाह चुकवण्यासाठी तो घ्यावा लागत असेल, तर तो दाह काय प्रतीचा असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

याच परंपरेत दुसरा, अधिक शहाणा प्रवाह फार लवकर सुरू झाला होता आणि तोच अखेर टिकला. लव आणि कातडी यांच्यामध्ये काहीतरी ठेवून धग थोपवायची, ही त्याची मूळ युक्ती. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याच्या ग्रंथात लसणाच्या चकतीवर मॉक्सा जाळण्याची कृती येते. त्याची पत्नी बाओ गू ही चिनी वैद्यकाच्या इतिहासात या उपचारातील पहिली नामांकित स्त्री वैद्य म्हणून ओळखली जाते. पुढे आल्याची चकती सर्वाधिक रूढ झाली. ताज्या आल्याची दोन-तीन मिलिमीटर जाडीची चकती कापून तिला सुईने बरीच भोके पाडतात, ती दुखऱ्या जागी किंवा पोटावर ठेवून तिच्यावर बोटाच्या पेराएवढा लवीचा शंकू पेटवतात. आल्याचा रस तापून कातडीवर उतरतो, जागा लालसर व ओलसर होते, आणि चटका बसू लागल्याचे रोग्याने सांगताच वैद्य चकती क्षणभर उचलतो किंवा बाजूला सरकवतो. बेंबीवर उपचार करायचा असेल तर तो खळगा कोरड्या मिठाने भरून त्यावर लव जाळतात. जुलाब-वांत्यांनी गळालेल्या रोग्यासाठी ही कृती सांगितलेली आहे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : वैद्याचे लक्ष ज्वालेवर नसून रोग्याच्या चेहऱ्यावर असते.

मिंग काळात, म्हणजे चौदाव्या शतकानंतर, लव कागदात गुंडाळून तिची कांडी करण्याची पद्धत नोंदली गेली आणि उपचार कातडीपासून पूर्णपणे सुटला. ही कांडी जाड सिगारसारखी दिसते. तिचे निखाऱ्याचे टोक कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर स्थिर धरतात, गोलाकार फिरवतात, किंवा चिमणी दाणे टिपते तसे खाली-वर नेतात. या तिसऱ्या प्रकाराचे चिनी नावही चिमणीवरूनच पडले आहे. वैद्य आपल्या मोकळ्या हाताची दोन बोटे बिंदूच्या दोन्ही बाजूंना टेकवून ठेवतो, म्हणजे रोग्याची संवेदना मंद असली तरी जागा किती तापली हे त्याला स्वतःला कळते. सुई व अग्नी यांचा मेळ घालणारी तिसरी पद्धत म्हणजे तापवलेली सुई : सुई टोचून ठेवायची आणि तिच्या मुठीवर कांडीचा दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा खोचून पेटवायचा, खाली राख पडू नये म्हणून कागदाची चकती ठेवायची. उष्णता सुईतून थेट आत उतरते असे सांगितले जाते. पण आजच्या सुया स्टेनलेस स्टीलच्या असतात आणि हा धातू उष्णतेचा मंद वाहक आहे, त्यामुळे रोग्याला जाणवणारी ऊब बहुतांशी वरच्या निखाऱ्याकडून प्रारणाने येते. याहून अगदी वेगळी अशी अग्निसुई म्हणजे लालबुंद तापवलेली सुई क्षणात टोचून काढण्याची जुनी पद्धत. ती जवळजवळ लुप्त झालेली असताना विसाव्या शतकात बीजिंगचे ह पूरेन यांनी तिला पुन्हा मान मिळवून दिला.

जपानमध्ये मात्र थेट कातडीवर जाळण्याची रीत टिकली आणि ती सूक्ष्मतेच्या टोकाला गेली. तेथील वैद्य सर्वांत शुद्ध लव दोन बोटांत वळून तिचा तांदळाच्या दाण्याएवढा, कधी त्याच्याही निम्मा, शंकू करतो, ओलसर केलेल्या कातडीवर तो उभा करतो, उदबत्तीने शेंडा पेटवतो आणि आच खाली पोहोचण्याच्या बेताला बोटांनी विझवतो. चटका क्षणभर लागतो, फोड उठत नाही. एदो काळात हा घरगुती उपचार होता. कवी बाशो याने १६८९ मधील आपल्या प्रसिद्ध पदयात्रेला निघण्यापूर्वी गुडघ्याखालच्या बिंदूवर मॉक्सा लावल्याचे स्वतःच लिहिले आहे, आणि काइबारा एकिकेन याच्या १७१३ मधील आरोग्यविषयक लोकप्रिय ग्रंथात या उपचाराची तपशीलवार शिकवण आहे. इबुकी पर्वताचा मॉक्सा नामांकित होता व त्याच्या पायथ्याच्या काशिवाबारा या मुक्कामावरील मॉक्साचे दुकान चित्रकार हिरोशिगेच्या चित्रमालिकेत अमर झाले. आजही जपानमध्ये सुईचा परवाना वेगळा आणि मॉक्साचा वेगळा आहे. चीनमध्ये याउलट १८२२ मध्ये सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून सुई व मॉक्सा दोन्ही हद्दपार केले होते. साम्यवादी राजवटीत दोहोंना पुन्हा आश्रय मिळाला, पण तेव्हा सुई पुढे गेली आणि अग्नी मागे राहिला.

युरोपला ही विद्या आधी अग्नीच्याच रूपाने कळली. बटाव्हिया (आजचे जकार्ता) येथील हर्मन बुशोफ हा डच धर्मोपदेशक संधिवाताने जर्जर झाला असताना एका स्थानिक वैद्य स्त्रीने त्याला मॉक्साने आराम दिला, आणि त्याने लिहिलेल्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १६७६ मध्ये लंडनला निघाले. सुईविषयीचा विल्लेम टेन ऱ्हायने याचा ग्रंथ त्यानंतर, १६८३ मध्ये आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याने मॉक्साचा पुरस्कार केला, परंतु फ्रान्समध्ये लवीऐवजी कापसाचे जाड गोळे जाळून फुंकणीने चेतवू लागले. मात्रेचे भान गेले, उपचार निव्वळ भाजण्यावर आला आणि काही दशकांत तो मागे पडला.

भाजणे आणि ऊब यांतील सीमा आज आकड्यांत सांगता येते. कातडीचे तापमान ४४ अंश सेल्सियसवर राहिले तर भाजण्यास सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांवर पाच-एक सेकंद पुरतात. म्हणजे तापमान व वेळ या दोन्हींचा एकत्रित परिणाम निर्णायक असतो, आणि तापमान थोडे वाढले तरी लागणारा वेळ झपाट्याने घटतो. सुमारे ४३ अंशांच्या पुढे कातडीतील मज्जातंतूंच्या टोकांवरचा एक विशिष्ट ग्राही रेणू जागा होतो आणि मेंदूला दाहाचा निरोप जातो. मिरचीतील तिखट द्रव्यही हाच ग्राही चेतवते. त्याचा शोध १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. या चेतनेने जागेवरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, भोवती लाली पसरते, आखडलेले स्नायू सैलावतात आणि मूळ वेदनेची जाणीव काही काळ मंदावते. दुखऱ्या कमरेला किंवा गुडघ्याला मॉक्साने बरे वाटते, याचे पुष्कळसे स्पष्टीकरण एवढ्यात मिळते. प्रश्न उरतो तो दूरच्या परिणामांचा : एका बिंदूवर दिलेली उष्णता शरीराच्या अन्य भागात विशिष्ट बदल घडवते का?

या प्रश्नाची सर्वांत गंभीर परीक्षा एका अनपेक्षित बाबतीत झाली. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत बाळाचे डोके खाली न येता पायाळू स्थिती राहिली, तर पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरील कोपऱ्यापाशी असलेल्या ‘झियिन’ बिंदूवर कांडीने शेक द्यावा, असा चिनी प्रघात आहे. च्यांगशी प्रांतात पहिलटकरणींवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेहतिसाव्या आठवड्यातील २६० स्त्रियांचे १३०-१३० असे दोन गट करण्यात आले. पस्तिसाव्या आठवड्यात शेक घेतलेल्यांपैकी ९८ आणि न घेतलेल्यांपैकी ६२ जणींच्या बाळांचे डोके खाली आले होते. प्रसूतीच्या वेळी हे आकडे ९८ आणि ८१ असे राहिले, आणि त्यातही दुसऱ्या गटातील २४ जणींचे बाळ डॉक्टरांनी बाहेरून हाताने फिरवण्याचा प्रयत्न केला होता, पहिल्या गटातील केवळ एकीचे. निष्कर्ष उमेद वाढवणारे होते. परंतु जिनिव्हा येथे २१२ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांत बाळ फिरण्याचे प्रमाण १८ व १६ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित मूल्यमापन करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ मधील आढाव्याने १३ चाचण्या व २,१८१ स्त्रियांची माहिती एकत्र पाहिली आणि नेहमीच्या देखभालीला मॉक्साची जोड दिल्यास प्रसूतीच्या वेळी बाळ आडवे वा पायाळू असण्याची शक्यता बहुधा कमी होते, असे मत दिले. सिझेरियनच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही. मॉक्साच्या बाजूने उपलब्ध असलेला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि तो ‘बहुधा’ या शब्दापाशी थांबतो. अन्य विकारांविषयीचा पुरावा याहूनही तोकडा आहे. अनेक चाचण्या लहान आहेत, आणि अंगाला ऊब लागली की नाही हे रोग्यापासून लपवता येत नसल्यामुळे विश्वासाचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते. कर्करोग, वंध्यत्व किंवा मधुमेह मॉक्साने बरा होतो असे सांगणाऱ्याकडे या पुराव्यातील काहीही नसते.

अग्नीने उपचार करण्याची शास्त्रशुद्ध परंपरा भारतातही आहे, आणि ती चीनकडून उसनी घेतलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय अग्निकर्माला वाहिलेला आहे. कातडीतील विकारासाठी पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, बाण वा शलाका; मांसगत विकारासाठी धातूची उपकरणे; शिरा, स्नायू, सांधे आणि अस्थी यांच्यासाठी मध, गूळ व स्नेह, अशी साधनांची निवड त्यात ऊतकांच्या खोलीनुसार केली आहे. शरद व ग्रीष्म हे ऋतू टाळावेत, योग्य दहन झाल्यावर मध व तूप लावावे, कमी-अधिक भाजल्याची लक्षणे ओळखावीत, हेही सांगितले आहे. पित्तप्रकृतीचा, दुर्बल, बालक, वृद्ध आणि भित्रा यांना अग्निकर्म करू नये, असा स्पष्ट निषेध आहे. आज महाराष्ट्रातील अनेक वैद्य सांधेदुखी व टाचदुखीवर शलाकेने अग्निकर्म करतात, ते याच आधारावर. याउलट मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची ‘डंबा’ नावाची चाल आहे. तिला परंपरेचा आधार देऊ पाहणाऱ्यांनी सुश्रुताचा तो निषेध वाचावा. त्या बाळांना अग्नीची नव्हे, दवाखान्याची आणि पोषणाची गरज असते.

चिनी पद्धतीची सुई व मॉक्सा भारतात आले ते एका मराठी नावाशी जोडलेल्या मार्गाने. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, आणि त्याच पथकातील डॉ. बिजय कुमार बसू यांनी पुढे १९५० च्या दशकाअखेर पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून घेतले व कोलकात्यात त्याची सुरुवात केली. कोटणीसांच्या नावाने चालणाऱ्या समितीने ते पुढे पसरवले. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने या चिकित्सेचे नियमन सुरू केले.

मॉक्सा घ्यायचा असेल त्याने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चिकित्सकाची नोंदणी आधी विचारून घ्यावी. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाने पायांवर कोणताही शेक घेऊ नये, कारण चटका लागल्याचे त्याला कळतच नाही आणि त्या फोडाची जखम बोट वा पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. ताप असताना, फाटलेल्या वा सुजलेल्या कातडीवर, चेहऱ्यावर व डोळ्यांजवळ मॉक्सा देत नाहीत. गर्भवतीच्या पोटावर व कमरेवर तर नाहीच, आणि पायाळू बाळासाठी शेक घ्यायचा तोही प्रसूतितज्ज्ञाने सोनोग्राफी पाहून होकार दिल्यानंतरच. धुराने दम्याचा त्रास बळावतो, म्हणून खोली हवेशीर असावी किंवा बिनधुराची कांडी मागावी. आणि उपचार चालू असताना चटका जाणवला, तर तो गुण येण्याची खूण समजून सोसू नये. लगेच सांगावे, आणि फोड आलाच तर त्यावर हळद, टूथपेस्ट वा तूप न लावता ती जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरून डॉक्टरांना दाखवावी.